उकिरड्याचा पांग

साठी उलटली की माणसाला कसला ना कसला नाद लागतो. कुणी होमिओपॅथीची पेटी घेऊन बसतो, कुणी घराण्याची वंशावळ शोधायला निघतो, कुणी पहाटे बागेत जाऊन चारचौघांबरोबर मोठमोठ्याने हसतो. यांपैकी कोणताच नाद आपल्याला लागू नये, अशी काळजी मी निवृत्तीच्या आदल्या दिवसापर्यंत घेतली होती. पण व्हायचे ते चुकत नाही. मला नाद लागला तो मातीचा. आणि तोही अशा गावात, की जिथे माती ही वस्तू बांधकामाच्या सामानात मोडते.

मी नेरुळला राहतो. वाशीचा खाडीपूल १९७३ साली सुरू झाला. त्याच्या तीन वर्षे आधी, १९७० च्या मार्च महिन्यात, सिडको हे महामंडळ स्थापन झाले होते आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्यात आली होती. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे आणि भूगोलाचे मास्तर रजेवर असले म्हणजे भूगोलही. त्यामुळे ही वाक्ये मी फळ्यावर कितीदा तरी लिहिली आहेत. ‘घेण्यात आली’ हे क्रियापद किती गुळगुळीत आहे, हे मात्र पस्तीस वर्षांत माझ्या ध्यानात आले नाही. ते मला पुढे मक्याच्या निमित्ताने कळले.

आमच्या घरामागे पंधरा फूट लांब आणि दहा फूट रुंद असे परसू आहे. त्यात एक मोरी, एक कपडे वाळत घालायची तार आणि उरलेल्या जागेत शहर उभारताना टाकलेला भराव. लाल मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटच्या खपल्या आणि अधूनमधून एखादी चप्पल. पावसाळ्यात त्याचा चिखल होई आणि उन्हाळ्यात त्याची फरशी होई. तिथे आपसूक उगवलेले गवतही दोन महिन्यांत कंटाळून जाई.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमची नात सुट्टीला आली होती. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ नावाचे मोठे उद्यान आमच्या घरापासून जवळच आहे. संध्याकाळी तिथे फिरायला गेलो, गाडीवर कणसे भाजून घेतली, आणि मास्तरकीची जुनी खोड म्हणून मी तिला विचारले, “मका कुठून येतो गं?”

“गाडीवरून,” ती म्हणाली.

मी हसलो, पण घरी येईपर्यंत ते उत्तर माझ्या पायात काट्यासारखे घुटमळत राहिले. मी मिरजेकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या वडिलांच्या हातांना शेणाचा आणि मातीचा वास येई. त्या घरातली तिसरी पिढी मका गाडीवरून येतो असे म्हणते, यात चूक तिची नव्हती. रात्री जेवताना मी जाहीर केले, “यंदा परसात मका लावणार.”

“त्या मुरमात?” हिने विचारले. एवढेच. पण संसारात काही प्रश्न असे असतात, की त्यांचे उत्तर तोंडाने देऊन भागत नाही.

विज्ञानाचा मास्तर नुसता मका कसा लावील? त्याने प्रयोगच केला पाहिजे. मी परसाचे चार वाफे पाडले. पहिल्यात काहीच घालायचे नाही, दुसऱ्यात कंपोस्ट, तिसऱ्यात कोळसा, आणि चौथ्यात दोन्ही. प्रत्येक वाफ्यात बारा रोपे. वहीत चौकटी आखल्या. तारखा घातल्या.

कोळशाचे नाव ऐकून वाचक दचकतील. हीसुद्धा दचकली होती. तेव्हा थोडे सांगितले पाहिजे. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात जमीन बहुतेक ठिकाणी लालपिवळी आणि निकस आहे. पण नदीकाठच्या उंचवट्यांवर मधूनमधून काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे सापडतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना ‘काळी माती’ अशा अर्थाचेच नाव आहे. ती निसर्गाने केलेली नाही. माणसांनी केलेली आहे. युरोपातली जहाजे त्या किनाऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या लोकांच्या वस्तीतला कोळसा, राख, हाडे, माशांचे काटे, खापऱ्या आणि कचरा त्या जमिनीत मुरत गेला. त्यातला कोळसा शेकडो वर्षे न कुजता राहिला आहे. शास्त्रज्ञांनी त्यावरून धडा घेतला आणि मातीत घालण्यासाठी मुद्दाम केलेल्या कोळशाला ‘बायोचार’ असे नाव दिले. लाकूड किंवा काडीकचरा मोकळ्या हवेत जाळला तर राख होते. हवा कोंडून तापवला तर कोळसा होतो. या कोळशाच्या अंगात बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांत पाणी थांबते, खतातले द्रव्य अडकून राहते आणि सूक्ष्म जीवांना बिऱ्हाड मिळते.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात ‘आरती’ या नावाने ओळखली जाणारी ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था काढली. उसाच्या फडात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तिने तयार केली आणि त्या कामाला २००२ साली इंग्लंडातले ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तो कोळसा चुलीसाठी होता. पण टाकाऊ पाल्याचा कोळसा होतो आणि तो पैशाचा होतो, हे महाराष्ट्राने त्यात पाहिले.

माझ्यापुढे प्रश्न होता तो कोळसा आणायचा कुठून. नगरात उघड्यावर काही पेटवायची सोय नाही, आणि नसावी हेच बरे. तेव्हा मी त्या मकेवाल्याकडेच गेलो. त्याच्या गाडीखाली कोळशाचा चुरा साठलेला असे. लाकडी कोळसा, पण इतका बारीक की शेगडीत विझून जाई. शिवाय कणसांची साले आणि खाल्लेली बुरकुंडे यांचा ढीग. “हे सगळं मला देशील का?” असे विचारले, तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने अतिशय हळुवारपणे विचारले, “मास्टरजी, घर में सब ठीक है ना?”

सारे ठीक होते. ठीक नव्हता तो मका.

पहिल्या वर्षीचा माझा मका आठवला की अजून मान खाली जाते. जूनअखेर पेरला, आठवड्यात उगवला, आणि तीन आठवड्यांत पिवळा पडला. सर्वांत वाईट दशा कोळशाच्या वाफ्याची. काही न घातलेल्या वाफ्यातला मका गुडघ्यापर्यंत तरी आला. कोळशाचा मका नडगीशीच थांबला. कंपोस्टच्या वाफ्यातही फार शोभा नव्हती. शेजारचे जोशीबुवा रोज सकाळी भिंतीवरून वाकून पाहत आणि “काय म्हणतोय प्रयोग?” असे विचारीत. एक दिवस त्यांनी, “कोळसा उगाळावा तितका काळाच, मास्तर!” असे म्हणून घेतले. मी वही मिटून ठेवली.

पुढे वाचले तेव्हा चूक कळली. कोरा कोळसा मातीत घातला, की तो आधी आपलेच पोट भरतो. मातीत जे थोडे नत्र असते ते धरून ठेवतो, आणि मका हे तर नत्राचे खादाड पीक. माझे कंपोस्टही अर्धेकच्चे होते. पाला कुजवणाऱ्या जीवांना स्वतःलाच नत्र लागते. कुजण्याचे काम ढिगात पुरे झाले नाही, तर ते मातीत चालू राहते आणि रोपाच्या तोंडचा घास जातो. दोन्हीकडून मी मक्याला उपाशी ठेवले होते, आणि वर चौकटी आखून त्याची उंची मोजीत होतो.

याच दिवसांत मावशींची आणि माझी खरी ओळख झाली. मावशी म्हणजे करावे गावच्या एक आगरी बाई. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. बुधवारी आणि रविवारी सुकी मासळी घेऊन आमच्या आळीत येत. हिची आणि त्यांची सोड्यांच्या भावावरून वीस वर्षांची मैत्री. माझा त्यांच्याशी संबंध ‘मावशी, बऱ्या आहात ना’ इतकाच. त्या दिवशी त्या पाणी प्यायला म्हणून मागच्या दाराशी आल्या आणि परसाकडे पाहत उभ्या राहिल्या.

“मास्तर, ह्या मातीन काय लावलाय?”

“मका.”

त्या खाली बसल्या. चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरली आणि टाकून दिली. “ही माती मेलेली हाय,” त्या म्हणाल्या. “न् मेलेल्या मातीन कोलसा टाकून काय व्हनार?”

मला राग आला. राग येण्याचे कारण त्या खरे बोलल्या हे होते.

नोव्हेंबरात मी नव्या जिद्दीने कंपोस्टसाठी खड्डा खणायला घेतला. कोपऱ्यात तीन फूट मुरूम गेला, आणखी वीतभर गेला, आणि मग फावड्याचा आवाज बदलला. खाली काळसर राखाडी, लोण्यासारखी चिकण माती लागली. तिला खाडीचा वास होता आणि तिच्यात कालवांच्या फुटक्या शिंपा होत्या. मी मूठभर बाहेर काढून ठेवली. बुधवारी मावशी आल्या तेव्हा कौतुकाने दाखवली. शास्त्रीय नमुना दाखवावा तशी.

मावशींनी पाटी खाली ठेवली. मातीचा गोळा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“आमचा खार हाय ह्यो,” त्या म्हणाल्या.

मग हळूहळू सारे निघाले. आमची आळी जिथे उभी आहे, तिथे त्यांच्या सासऱ्यांचे शेत होते. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा इथून खाडीपर्यंत बांधच बांध होते. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घालायचे, ते दरवर्षी सगळ्या गावाने मिळून दुरुस्त करायचे, आणि पावसाचे जादा पाणी ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे. बांध फुटला तर तीन वर्षे भात नाही. खाऱ्या जमिनीत लावणी नसे; मोड आलेले भात चिखलात फेकायचे. “त्या कोनाड्याशी विळ्यान माझा अंगठा कापलेला,” असे म्हणून त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवले. अंगठ्यावर वण होता.

मी शिकवलेले सारे मला आठवत होते. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. गोळीबार झाला आणि पाच जण मरण पावले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण आले, ते त्या रक्तातून. हे सारे मी तारखांसह सांगू शकलो असतो. पण ज्या बाईचा अंगठा माझ्या स्वयंपाकघरात कापला होता, तिला मी काय सांगणार? मी एवढेच म्हणालो, “मावशी, आम्हांला ठाऊक नव्हतं.”

“तुमी काय करनार, मास्तर? तुमी तं पैशे भरून घेतलंय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते.

मी भाबडेपणाने विचारले, “ही काळी माती मक्याला घालू का?” तेव्हा मात्र त्या हसल्या. “खारान मका जगंल? मीठ हाय त्यात. तिथं भातच पाहिजे, न् ता पन खाराचाच.” म्हणजे माझ्या पायाखाली तीन फुटांवर शेत होते, पण ते माझ्या उपयोगाचे नव्हते. मला माझी माती वरच्या वर, आहे त्यातूनच करायला हवी होती.

ती कशी करायची, याचा अर्धा धडा मावशींनीच दिला. त्यांचे माहेर कर्जतकडचे, डोंगराच्या बाजूचे. तिथे भाताच्या रोपासाठी राब भाजत. कोकणात वाढलेल्या वाचकांना राब सांगायला नको; इतरांसाठी मावशींच्याच शब्दांत देतो. “खाली शेन पसरायचा, त्यावर टाहाल, त्यावर पालापाचोला, न् सगल्यावरून बारीक माती. वाऱ्याच्या उलट्या अंगाला इस्तव लावायचा. जालायचा नाय, मास्तर. भाजायचा.”

जाळायचे नाही, भाजायचे! हवा कोंडून तापवावे, हे ज्ञान मी परदेशच्या शास्त्रज्ञांकडून मोठ्या कष्टाने मिळवले होते. वरच्या मातीच्या थराने हवा आवळली जाते, आग धुमसत राहते, राखेबरोबर थोडा कोळसाही उरतो, तणाचे बी मरते आणि तापलेली माती रोपाला मानवते. पुण्याच्या शेतकी कॉलेजात असताना डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास करून १९१२ साली त्यावर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला होता. राबाला दुसरी बाजूही आहे. त्यासाठी रानातल्या ऐनासारख्या झाडांची टाहाळे दरवर्षी उतरवावी लागतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी आणि सरकारचे जंगल खाते यांच्यात एकोणिसाव्या शतकात त्यावरून मोठा तंटा झाला होता. मला टाहाळ तोडायचे नव्हते. माझा राब मकेवाल्याच्या गाडीवर आधीच भाजून झाला होता.

दुसरा अर्धा धडा इंदूरचा. होळकरांच्या त्या नगरीत १९२४ पासून १९३१ पर्यंत अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतातल्या कचऱ्याचे उत्तम खत करण्याची रीत बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्या कामावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला दुसरे नाव आहे ते यशवंत वाड यांचे. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीवाल्यांच्या ओठांवर असते. वाडांचे फारसे कुणी घेत नाही. या दिवाळीच्या दिवशी आपण तरी घेऊ या. रीत साधी आहे. वाळलेला पाला, ओला कचरा, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ढीग ठरावीक दिवसांनी वरखाली करायचा. तीन महिन्यांत खत. वरखाली का करायचे? कारण कुजवणाऱ्या जीवांना हवा लागते. हवा मिळाली की ढीग तापतो. नाही मिळाली की नासतो आणि घाण मारतो. एक भाग ओल्या कचऱ्याला दोन-तीन भाग वाळला पाला, हा मी अनुभवाने बसवलेला अंदाज. रस्त्याच्या कडेच्या सोनमोहराचा आणि शिरीषाचा पाला मी पोत्यांनी गोळा करू लागलो. जोशीबुवांनी आळीत सांगितले, की मास्तरांना पेन्शन पुरत नाही.

या वेळी कोळसा कोरा घातला नाही. आधी तो भिजवला, कारण कोरडा कुटला तर धूळ छातीत जाते. मग ज्वारीच्या दाण्याएवढा चेचला, आणि दहा पाट्या खताला एक पाटी या मानाने ढिगातच मिसळून दोन महिने मुरू दिला. कोळशाला आधी जेवू घालायचे आणि मग मातीत कामाला पाठवायचे, हे त्यातले सारे मर्म. थंडीतल्या एका सकाळी ढिगात हात घातला आणि चटका बसला. मी हिला हाक मारली. तिनेही हात घातला आणि काढून घेतला. “अगं बाई, ताप आहे याला!” ती म्हणाली. इतक्या दिवसांत तिने ढिगाबद्दल काढलेला हा पहिला मायेचा शब्द.

२०२४ चा मका बरा आला. फार बरा नाही. त्या वर्षी पोंग्यात अळी पडली. अमेरिकेतून निघालेली ही लष्करी अळी २०१८ साली पहिल्यांदा भारतात दिसली आणि वर्ष-दोन वर्षांत देशभर पसरली. मी आणि नात सकाळी पोंगे उघडून अळ्या वेचत असू. तिला मी मक्याचे लग्नही दाखवले. शेंड्याला तुरा असतो तो नर. कणसाच्या तोंडाशी लोंबणारे केस ते मादीचे. एकेका केसाच्या तळाशी एकेक दाणा. ज्या केसावर परागाचा कण पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. म्हणून मका एका ओळीत लावू नये, चौकात लावावा, म्हणजे वाऱ्याने उडालेला पराग कुणाच्या ना कुणाच्या केसांवर पडतो. आमच्या पुष्कळ कणसांना मधूनमधून खळी होती. “आजोबा, याचे दात पडलेत,” नात म्हणाली. पण मका गाडीवरून येतो, असे ती आता म्हणत नव्हती.

मी थोडा खट्टू झालो होतो. तेव्हा एक हकीकत वाचनात आली. कोलंबिया देशात माळरानाच्या आंबट, निकस जमिनीवर संशोधकांनी हेक्टरी वीस टन कोळसा एकदाच घातला आणि दरवर्षी मका पेरला. खते दोन्हीकडे सारखीच. पहिल्या वर्षी, २००३ साली, उत्पन्नात काहीच फरक नाही. २००४ साली अठ्ठावीस टक्के वाढ, २००५ साली तीस टक्के, आणि २००६ साली एकशे चाळीस टक्के. पहिल्या वर्षीचे आकडे पाहून त्या माणसांनी वही मिटली असती तर? मला माझी मिटलेली वही आठवली. सगळीकडेच असे होते असे नाही. सुपीक जमिनीत कोळशाने विशेष फरक पडत नाही असेही अनुभव आहेत. पण निकस जमिनीला सवड द्यावी लागते, एवढे मी त्यातून घेतले.

आणि मग यंदा, २०२५ साली, पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. इतक्या लवकर आलेला पाऊस माझ्या आठवणीत नाही. मी घाई करून २८ मे रोजी मका पेरला. आणि माझी जिरवण्यासाठीच की काय, पाऊस दडी मारून बसला. जूनचा पहिला पंधरवडा कोरडा गेला. नगराला मोरबे धरणाचे पाणी आहे, पण प्रयोगाचा नियम म्हणून मी चारही वाफ्यांना एक दिवसाआड प्रत्येकी एकच बादली देत होतो. त्या पंधरा दिवसांत मला जे पाहायचे होते ते दिसले. पहिल्या वाफ्यातली रोपे दुपारी बारालाच पाने वळून सुतळीसारखी होत. नुसत्या कंपोस्टच्या वाफ्यातली दोनला वळत. चौथ्या वाफ्यातली, जिथे खत आणि मुरलेला कोळसा दोन्ही होते, ती दिवसभर पाने उघडी ठेवून उभी असत. सकाळी त्या मातीत बोट घातले तर ओल लागे.

पुढे पाऊस आला, आणि मका असा वाढला की जोशीबुवांना भिंतीवरून वाकावे लागेना; मकाच भिंतीवरून त्यांच्याकडे पाहू लागला. ऑगस्टच्या मध्यावर, गोकुळाष्टमीच्या त्या धो धो पावसात, आम्ही कणसे मोडली. हिशेब सांगतो, कारण वही आता उघडी आहे. पहिल्या वाफ्यात चार कणसे, तीही दंतहीन. नुसत्या कोळशाच्या वाफ्यात सहा. तीन वर्षांत त्यालाही थोडी अक्कल आली होती. कंपोस्टच्या वाफ्यात अकरा. आणि चौथ्यात बारा रोपांवर तेरा, काठोकाठ भरलेली. कंपोस्ट आणि दोन्ही यांतला फरक फार मोठा नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. फरक पडला तो कोरड्या पंधरवड्यात. आणि माणसाचे काय नि मातीचे काय, पारख होते ती अशाच पंधरवड्यात.

दोन कणसे मकेवाल्याला नेऊन दिली. त्याने ती भाजली नाहीत. गाडीच्या खांबाला शोभेला बांधून ठेवली. दोन जोशीबुवांना. “बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, तुमचा तिसऱ्या वर्षीच फिटला,” ते म्हणाले. आणि चार मावशींना. मावशींना आता दाणे चावत नाहीत. हिने ते किसून त्यांना उपमा करून दिला. त्या मागच्या पायरीवर बसून खात होत्या आणि खाता खाता डाव्या हाताने चौथ्या वाफ्यातली माती चाचपत होत्या. ती काळी झाली होती, भुसभुशीत झाली होती आणि तिच्यात गांडुळे होती. त्यांनी मूठभर उचलून वास घेतला. मी शाळेतल्या पोरासारखा उभा होतो.

“जीव धरला,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पन आमची नाय ही. ही तुमची.”

ते वाक्य मी अजून मनात उलटसुलट करून पाहतो. त्यात देणे होते की तोडणे होते, मला सांगता येत नाही. कदाचित दोन्ही असेल.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी आळीतली पोरे आली. दरवर्षी ती किल्ल्यासाठी माझ्याच परसातली माती नेतात. मुरूम आणि चिखल किल्ल्याला उत्तम. यंदा बेलापूरचा किल्ला करायचा ठरला होता. त्यांनी घमेले भरले, पाणी घातले, बुरूज रचला आणि तो ढासळला. दोनदा रचला, दोनदा ढासळला. त्यांचा म्होरक्या अतिशय गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आला.

“आजोबा, तुमची माती बिघडली. चिकटतच नाही.”

तीन वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत मोठी पदवी.

मावशी पायरीवरच होत्या. “वरची नको रं पोरांनो,” त्या म्हणाल्या, “खालची काढा.” मी कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरलो आणि ती राखाडी, चिकण माती वर दिली. पोरांनी तिचा तट घातला, बुरूज घातला, पायऱ्या केल्या. काहीही ढासळले नाही. उतारावर हळीव पेरायचे होते, तेव्हा मावशींनी त्यांना वरची भुसभुशीत माती पातळ पसरायला लावली, कारण खारात हळीव उगवत नाही. उरलेल्या गोळ्याची त्यांनी आपल्या हाताने एक पणती वळली आणि उन्हात ठेवली.

किल्ला आत्ता मागच्या दारी उभा आहे. हळीव बोटभर वर आले आहे. संध्याकाळ झाली आहे आणि नात मावशींच्या पणतीत तेल घालते आहे. भाजलेली नाही ती पणती; एखादी रात्र टिकेल, फार तर दोन. मी हिला म्हटले, उद्या दुसरी आणू बाजारातून. तर ही म्हणाली, “कशाला? खाली माती पुष्कळ आहे.”